परिमंडळ अ

वाघचौरे एजंट आला, उभ्यानंच चहा घेतला
आणि कागद माझ्याकडं सरकवला.
गेल्या वर्षीपेक्षा तेराशे जास्त.
म्हटलं, बाबा रे, गाडी वर्षानं म्हातारी झाली,
मीही झालो,
हप्ताच तेवढा वयात कसा येतोय?

तो म्हणाला, काका, एक तर बोनस गेला,
तो नारळ तुम्हीच क्लेम केलात.
आणि मुळात तुमचं परिमंडळ अ. मुंबई पासिंग.
इथं गर्दी, इथं चोऱ्या,
दाराचा पोचा काढायलाही गॅरेजवाला तीन हजार मागतो.
कंपनी गाडी नाही बघत हो.
पत्ता बघते.

मेव्हण्याची गाडी माझ्या गाडीची जुळी बहीण.
एकाच दसऱ्याला, एकाच दुकानातून,
झेंडूच्या एकाच ढिगातून दोघींना हार.
माझी शून्य तीन, त्याची शून्य चार.
मी मुलुंड पूर्वेला, मोकल कोपरीत,
मधे चालत बावीस मिनिटं
आणि नाका.
त्याचं परिमंडळ ब.
सकाळी दोघी एकाच रस्त्याला लागतात,
एकाच खड्ड्यात आपटतात.
खड्डा पासिंग विचारत नाही.

आणि तो नारळ!
सहा वर्षांतला एकुलता एक अपघात,
बॉनेटवर, भर दुपारी, सोलण्यासकट.
पडला कुठं? मोकलच्या अंगणात,
स्वस्त परिमंडळातल्या माडावरून.
मोकल म्हणाला, दाजी, खोबरं मात्र गोड निघालं.
शालननं वड्या केल्या. मीही खाल्ल्या.

त्या नाक्यावर मी सव्वीस वर्षं जकात घेतली.
रजिस्टर, शिक्का, पाठीला बांधल्यासारखी खुर्ची.
पहाटे तीनला ताडपत्री उचलून विचारायचं,
माल कुठला? जाणार कुठं?
पलीकडं साडी ही नुसती साडी.
अलीकडं आली की तिच्यावर टक्के.
ड्रायव्हर विचारायचे, साहेब, बारा पावलांत
हिला असं काय झालं?
मी म्हणायचो, नियम.
एकदा एकजण हातगाडीवर शिवणयंत्र घेऊन आला,
बायकोचं, जुनं, पावती नाही.
त्याला पाऊण तास उभं केलं.
शेवटी सोडलं की पैसे घेतले, आठवत नाही.

आठवतं.

मग जकात बंद झाली,
आम्हाला इतर खात्यांत वाटून टाकलं,
मला मिळाला उद्यान विभाग, बाकांची मोजणी.
वाटलं, रेघ पुसली.
रेघ कसली पुसतेय.
उन्हात उभी होती ती फक्त सावलीत गेली,
कुणाच्या तरी यंत्रात जाऊन बसली,
आता ताडपत्री न उचलताच तिला सगळं कळतं.

वाघचौरे खाली वाकला, हलक्या आवाजात म्हणाला,
काका, पुढची गाडी मेव्हण्याच्या पत्त्यावर घ्या.
सगळे करतात.
मी त्याच्याकडं पाहिलं,
कांद्याच्या पोत्यांखाली काय आहे
हे आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखं.
तो कप शोधू लागला. कप तर रिकामाच होता.

मग त्यानं फॉर्मातला प्रश्न वाचला,
रात्री गाडी कुठं उभी असते?
खिडकीतून दाखवलं.
दूध केंद्रासमोर, शिरीषाखाली,
टपावर पानं, पुढच्या चाकाला टेकून एक मांजर.
म्हटलं, इथं.
लिही, इथंच.

सही केली, चेक फाडला,
जुन्या खोडीनं पावती उजेडात धरली,
शिक्का नीट उमटलाय का पाहिलं.
शिक्का नव्हताच. छापील होतं सगळं.

रात्री मोकलचा फोन आला,
दाजी, माड उतरवून घेतलाय, आता बिनधास्त लावा गाडी.
म्हटलं, येतो रविवारी, नाका ओलांडून.
तो म्हणाला,
कुठला नाका?